नागपूरच्या उन्हाळी वादळात घर, गच्ची आणि माणसं कशी सांभाळावीत

एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळचं वादळ येऊन गेलं की रात्री आठ-साडेआठपासून माझा फोन सुरू होतो. मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, नंदनवन, कधी वाडी नाहीतर हिंगणा रोड. "भाऊ, टिना उडाल्या. सकाळी येता काय?" मी लोखंडाचं काम करतो. गच्चीवरचे शेड, गेट, ग्रिल, जिने, कूलरचे स्टँड. या कामात ३१ वर्षं गेली. लोकांना वाटतं वादळ म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम. पण उडालेला पत्रा दुसऱ्याच्या अंगणातून उचलून आणताना मला कधीच बरं वाटलेलं नाही, आणि त्याला कारण आहे.

धंद्यात नवा होतो तेव्हा हुडकेश्वरकडच्या एका घरावर मी १२ पत्र्यांचं शेड बसवलं. मालकाचा हात आखडता होता, म्हणून मी स्क्रू कमी लावले. एका पत्र्याला कोपऱ्यांत चार आणि मध्ये दोन. दोन उन्हाळे निघाले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तीन पत्रे एकदम सुटले आणि त्यातला एक दोन गल्ल्या ओलांडून एका अंगणात उभा रुतला. दहा मिनिटं आधी त्याच अंगणात पोट्टे क्रिकेट खेळत होते. आभाळ भरून आलं म्हणून त्यांच्या आजीने ओरडून सगळ्यांना आत घेतलं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी तो पत्रा काढायला गेलो तर आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत. चहा दिला. तेव्हापासून मी स्क्रू मोजतो.

आपल्याकडचं वादळ

माझी आई याला वावधन म्हणायची. समुद्रावरच्या चक्रीवादळाची बातमी चार-पाच दिवस आधी कळते. आपलं उन्हाळी वादळ दुपारच्या उन्हातच तयार होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात डोक्यावर येतं. ४४-४५ अंशांपर्यंत जमीन तापते, हवा वर चढते, ढगांचे डोंगर उभे राहतात. त्या ढगातून पाऊस सुटला की बराचसा वाटेतच कोरड्या हवेत सुकतो. पाणी सुकताना हवा गार करतं. गार हवा जड, म्हणून ती ढगाखालून धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. हा तो वारा. म्हणून तो पावसाच्या आधी येतो, धूळ घेऊन येतो, आणि दिवसभर पश्चिमेचा वारा असला तरी त्या वेळी कुठल्याही दिशेने येऊ शकतो.

खूण एकच सांगतो. दिवसभर उमस, पानही हलत नाही, आणि अचानक गार झुळूक लागते. ती झुळूक लागली की आपण सगळे गच्चीवर जातो, कारण महिनाभर जीव भाजलेला असतो. खरं तर तीच वेळ खाली उतरण्याची आहे. वाळवणाच्या पापडांसाठी, कुरडयांसाठी फार तर एक फेरी मारा. बाज आडवी करून भिंतीला टेकवा आणि खाली या. कुरडया पुढच्या आठवड्यात पुन्हा घालता येतात.

सोनेगावला विमानतळाजवळ हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथून जिल्ह्यासाठी पुढच्या तीन तासांचा अंदाज निघतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा. मोबाईलवर 'मौसम' आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी', ही दोन ॲप ठेवा. दुपारी तीनला एकदा आणि पाचला एकदा बघायची सवय लावा. एवढं पुरतं.

पत्रा का उडतो

लोकांना वाटतं वर वजन ठेवलं की पत्रा जागेवर राहतो. म्हणून विदर्भभर पत्र्यांवर विटा, दगड, जुने टायर, पाट्याचा तुकडा ठेवलेला दिसतो. पण वारा छपरावरून सुसाट जातो तेव्हा वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. शेड तीन बाजूंनी उघडं असेल तर वारा आत घुसून खालूनही ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेला.

हिशोब सांगतो, कारण माझ्या गिऱ्हाइकांना हिशोब सांगितल्याशिवाय पटत नाही. १० फूट लांब, साडेतीन फूट रुंद, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा साधारण १५ किलोचा असतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्या एका पत्र्यावर ढोबळमानाने ५५ किलोचा जोर येतो. वारा दुप्पट, म्हणजे १२० झाला, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: २२० किलोच्या आसपास. १५ किलोच्या पत्र्यावर चार विटा ठेवून काय होणार? पत्रा जातोच, आणि विटा सुटून खाली माणसांवर येतात.

इमारतींवरच्या वाऱ्यासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक आहे. त्याच्या तिसऱ्या भागात शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. नागपूरसाठी तो सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. समुद्रकाठच्या मुंबईलाही तोच आकडा, पुण्या-नाशिकला ३९. "आपल्याकडे कुठे येते बावा एवढं वादळ" असं म्हणणाऱ्याला मी हा आकडा दाखवतो.

उन्हाळ्याआधी करायची कामं

मार्च संपायच्या आत मिस्त्रीला बोलवा. मे महिन्यात आम्ही सापडत नाही.

शेडचं सगळ्यात कच्चं ठिकाण म्हणजे कडा आणि कोपरे. वारा तिथेच पकडतो. मध्यभागी एक नळी (पत्र्याचा उंचवटा) सोडून एक स्क्रू चालतो, पण चारही कडांच्या ओळीत प्रत्येक नळीवर स्क्रू हवा. स्क्रूखाली रबराचं वायसर हवं. मशीन जास्त दाबून ते चिरडलं की दोन पावसाळ्यांत तिथून पाणी गळतं, गंज धरतो आणि छिद्र मोठं होऊन स्क्रूचं डोकंच त्यातून निघून येतं. उडालेले बहुतेक पत्रे मी पाहतो तेव्हा स्क्रू खाली पाईपात शाबूत असतो. पत्रा फाटून त्याच्यावरून निघून गेलेला असतो. म्हणून स्क्रूइतकीच पत्र्याची जाडीही महत्त्वाची. ०.३ मिलिमीटरचा पत्रा स्वस्त पडतो, पण तो गच्चीवर लावू नका. खालचे आडवे पाईप एकमेकांपासून चार फुटांपेक्षा लांब ठेवू नका, आणि भिंतीबाहेर पत्रा अर्ध्या फुटाच्या वर काढू नका. सावली मिळते म्हणून दीड-दोन फूट पुढे काढलेला पत्रा म्हणजे वाऱ्याच्या हातात दिलेलं टोक.

मग खांब. खांबाच्या पायाला प्लेट आणि प्लेटला स्लॅबमध्ये चार फास्टनर (स्लॅबमध्ये रुतणारे बोल्ट) हवेत. कठड्याच्या चार इंची विटेला खांब टेकवून वर वेल्डिंग मारलेली शेडं मी दर आठवड्याला पाहतो. अशा ठिकाणी पत्रा, खांब आणि कठडा तिन्ही एकदम खाली येतात, आणि खाली गल्ली असते. फास्टनर ठोकताना स्लॅबची सळई तुटणार नाही आणि नंतर छिद्रातून पाणी मुरणार नाही याची काळजी मिस्त्रीने घ्यायची असते. त्याला तसं सांगा. आपण विचारतोय हे कळलं की तोही नीट करतो.

ज्यांच्या घराला लाकडी मयाली (छपराच्या तुळया) आहेत आणि पत्रे बदलायला पैसे नाहीत, त्यांनी विटा काढून टाका. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरा, दोन-दोन पोती जाड तारेने बांधा आणि खोगिरासारखी छपराच्या दोन्ही बाजूंनी लोंबू द्या. तारेची टोकं खाली भिंतीतल्या खुंटीला नाहीतर जमिनीत गाडलेल्या दगडाला आवळा. खर्च थोडा आहे आणि हे खरंच काम देतं. माझ्या गावी, काटोलकडे, मी स्वतः चार घरांना हे केलं आहे.

ग्रीन नेटबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. मार्च आला की नागपूरच्या गच्च्या हिरव्या होतात. झाडं, टाकी, खोलीचं छत, सगळ्यांवर जाळी. जाळीतून वारा आरपार जातो असं वाटतं, पण गच्च विणलेली जाळी शिडासारखी फुगते आणि जिथे बांधली ते पाईप उपटते. बांधा, जरूर बांधा, उन्हात जगायचं कसं? फक्त पक्क्या गाठी मारू नका. एका बाजूला सरकफास ठेवा, म्हणजे ओढला की अर्ध्या मिनिटात जाळी खाली. घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या पोराला सुद्धा, तो फास कुठे आहे ते माहीत हवं.

पाण्याची टाकी भरलेली ठेवा. हजार लिटरची भरलेली टाकी हजार किलोची, तिला कोणी हलवत नाही. रिकामी टाकी गच्चीवरून घरंगळत जाते. शिवाय वीज गेली की मोटर बंद आणि नळाला पाणी येईलच असं नाही, तेव्हा हेच पाणी दोन दिवस पुरवायचं असतं.

कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असेल तर स्टँडचे पाय गंजलेत का ते हाताने हलवून बघा. कूलर नुसता ठेवलेला नको, स्टँडला तारेने आवळलेला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणारा कूलर काय करतो हे सांगायची गरज नाही. कुंड्या कठड्यावरून खाली, जमिनीवर.

झाडांचं काम नाजूक आहे. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ ही झाडं लवकर मोडतात, गुलमोहराची मुळं तर वरवरच असतात. कडुनिंब चिवट, पण बुंधा पोकळ झाला असेल तर त्याचाही भरवसा नाही. वाळलेल्या फांद्या आधी काढायला हव्यात. मात्र शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे फेब्रुवारीतच अर्ज द्या. आणि दारापुढे सिमेंट टाकताना बुंध्याभोवती चारी बाजूंनी तीन फूट माती मोकळी सोडा. बुंध्याला घट्ट सिमेंट लागलेली झाडं मुळासकट उपटलेली मी जास्त पाहिली आहेत.

वारा सुटला की

मोबाईल आणि इन्व्हर्टर आधीच चार्ज केलेले असावेत. घरात कोणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर पर्यायी सिलेंडरची सोय उन्हाळा लागतानाच करून ठेवा, त्या संध्याकाळी काहीच होत नाही. गुरं टिनाच्या गोठ्यात किंवा झाडाखाली बांधलेली असतील तर दावं सोडा.

कूलर, टीव्ही, फ्रिजचे प्लग काढा. दारं-खिडक्या सगळ्या बंद. एक खिडकी उघडी ठेवली की दाब सारखा होतो आणि छत वाचतं, असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. ते चुकीचं आहे. उघड्या खिडकीतून वारा आत शिरला की छपराला आतून धक्का मिळतो. दुकानदारांनो, शटर अर्धं खाली ओढून त्याखाली उभे राहू नका. पूर्ण पाडा.

घर टिनाचं असेल तर वादळ घोंघावायच्या आधीच शेजारच्या स्लॅबच्या घरी जा. "काकू, दहा मिनिटं बसतो" एवढं म्हणायला संकोच वाटू देऊ नका, आणि तुमचं घर स्लॅबचं असेल तर दार तुम्हीच उघडा, बोलावून घ्या. जाणं शक्यच नसेल तर आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, भक्कम पलंगाखाली किंवा कोपऱ्यात डोक्यावर गादी घेऊन बसा. वर फडफडणारा पत्रा हाताने धरायला जाऊ नका. २२० किलोचा हिशोब वर दिलाच आहे. पत्रा धरून ठेवणाऱ्या माणसाला पत्र्यासकट उचललेलं मी ऐकलं नाही, पाहिलं आहे. त्याचा खांदा आजही पूर्ण वर जात नाही.

रस्त्यावर असाल तर गाडी थांबवा. दुचाकीवर धूळ डोळ्यात गेली की समोरचं काही दिसत नाही. झाड, जाहिरातीचा फलक, टपरी, लग्नाचा मांडव यांच्या आडोशाला जाऊ नका. मे महिन्यात मांडव गल्लोगल्ली असतात आणि बांबूला सुतळीने बांधलेला मांडव पहिल्या झोतात बसतो. वऱ्हाडी मंडळींना हॉलच्या आत किंवा जवळच्या पक्क्या घरात घ्या, जेवणाच्या पंगती नंतर होतील. सिव्हिल लाईन्सच्या जुन्या झाडांच्या रस्त्यावर असाल तर तिथून निघा. मेट्रो स्टेशन जवळ असेल तर आत जाऊन उभे राहा. पुलाखाली रस्त्याच्या मधोमध घोळक्याने थांबणं धोक्याचं, मागून येणाऱ्या ट्रकला धुळीत तुम्ही दिसत नाही. चारचाकीत असाल तर झाडांपासून आणि तारांपासून दूर उभी करून काचा बंद करून आत बसा. वीज चमकल्यावर आवाज यायला तीन सेकंद लागले तर ती साधारण एक किलोमीटरवर आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

थांबल्यावर, त्याच रात्री

पहिला तास सगळ्यात वाईट. वारा थांबलेला असतो आणि प्रत्येकाला बाहेर जाऊन काय काय पडलं ते बघायचं असतं. अंधार, पाणी, आणि पाण्यात कुठेतरी पडलेली तार. टॉर्च आणि चपला घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. तार दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच धरू नका. तीस-पस्तीस फूट लांब राहा, दोन्ही टोकांना माणूस उभा करून रस्ता अडवा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. पडलेल्या झाडात तार गुंतलेली असते आणि पानांत ती दिसत नाही, म्हणून पोरांना फांद्या ओढू देऊ नका. झाड पडलं असेल किंवा कोणी अडकलं असेल तर अग्निशमन १०१, जखमी असेल तर १०८, इतर तातडीला ११२. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. हे आकडे भिंतीवर खडूने नाहीतर कागदावर लिहून ठेवा, मोबाईल बंद पडला तरी दिसतील असे.

घरात पाणी शिरलं असेल तर मेन स्विच कोरड्या हाताने, कोरड्या पाटावर उभं राहून पाडा. पाण्यात उभं राहावं लागत असेल तर स्विचला हातच लावू नका. जनरेटर लावणाऱ्यांनी तो घराच्या वायरिंगला जोडण्याआधी चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा स्विच) आहे का ते बघावं. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर जाते, आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जातो. ते लोक रात्रभर भिजत काम करतात. त्यांच्यावर ओरडू नका, पाणी विचारा.

लोंबणारा पत्रा रात्री काढायचा नाही. ओला पत्रा साबणासारखा असतो. त्याच्याखालची जागा मोकळी करा, दोरी लावा, सकाळची वाट बघा.

दुसरा दिवस

काहीही हलवण्याआधी फोटो. चारी बाजूंनी, लांबून आणि जवळून. झाड गाडीवर पडलं असेल तर झाड असतानाच. गाडीचा विमा सर्वसमावेशक असेल तर वादळाचं नुकसान मिळतं, फक्त थर्ड पार्टी असेल तर मिळत नाही. घराची पडझड झाली असेल तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. पंचनाम्यात किती पत्रे, किती भिंत, कोणतं धान्य भिजलं हे आकड्यांत लिहिलं आहे ना ते वाचून मगच सही करा. "नुकसान झाले" एवढंच लिहिलेल्या कागदाचा पुढे उपयोग होत नाही. माझ्या भावाच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहराची फळं एका संध्याकाळी जमिनीवर आली, तेव्हा त्याने दोन दिवस नुसतं बघत काढले. त्याला पीक विम्यासाठी ७२ तासांत कळवायचं होतं, त्यातले ४८ तसेच गेले. विमा काढला असेल तर रडणं नंतर, आधी १४४४७ वर फोन.

जुन्या घरांवर सिमेंटचे पत्रे असतात. ते फुटले असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. झाडूने कोरडे झाडू नका, फोडू नका. पाणी मारून ओले करा, नाकाला मास्क लावून तुकडे जाड प्लास्टिकच्या पोत्यात भरा.

आता पत्रे परत बसवणं. घाई असते, वर ऊन तळपत असतं, पुढच्या संध्याकाळी पुन्हा ढग येणार असतात. तात्पुरती ताडपत्री टाका, तिच्या कडा पट्टी ठोकून दाबा आणि दोन दिवस धीर धरा. वाकलेला पत्रा ठोकून सरळ करून मिळतो, पण घडी पडलेल्या रेघेवर तो पुढच्या वेळी तिथेच फाटतो. असे पत्रे बाजूला काढा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावा, माणसांच्या डोक्यावर नको. जुना पत्रा सरळ असेल तर चालेल, मात्र जुन्या छिद्रात नवा स्क्रू नको. दोन-तीन इंच सरकवून नवीन छिद्र, आणि जुनं छिद्र सीलंटने बंद. खांबाचं वेल्डिंग केसाएवढं जरी उकललं असेल तरी घासून पुन्हा मारून घ्या आणि वर रेड ऑक्साइडचा हात द्या.

अंगणातलं लहान झाड नुसतं कललं असेल तर त्याच दिवशी मुळांवर ओलं पोतं टाका. मग हळूहळू सरळ करा, तीन बाजूंनी सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधा, माती दाबा आणि रोज पाणी द्या. आमच्या दारचं लिंबू असंच उभं केलं होतं, तिसऱ्या वर्षी पुन्हा धरलं.

शेड बसवून झालं की मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी एक काम करा. दुपारी बारा वाजता, वर लख्ख ऊन असताना, शेडखाली उभे राहा आणि जमिनीकडे बघा. जिथे छिद्र उघडं राहिलं असेल तिथून उन्हाचा ठिपका खाली पडलेला दिसेल. ठिपक्याभोवती खडूने गोल करा, मिस्त्रीला बोलवा आणि मोजून दाखवा.